छप्पन मिनिटं, बेचाळीस सेकंद

गुरुवारी दुपारी पावणेतीनच्या सुमारास मी पाण्याचा कठीणपणा मोजत होतो. ठाटीपूरच्या कुठल्याशा बोअरचा नमुना होता. फ्लास्कमधला रंग अजून लाल होता आणि तो निळा व्हायला एकच थेंब हवा होता. हे काम इतक्या वेळा केलंय, की असा थेंब आधी हाताला कळतो, डोळ्यांना नंतर. तेवढ्यात कोटाच्या खिशात फोन थरथरला, बोटं हलली आणि एकाऐवजी चार थेंब पडले. रंग निळा झाला खरा, पण तो उशिरा मिळालेला निळा होता. त्याचा आकडा आता कशाचाच आकडा नव्हता. मी वहीत ‘नमुना पुन्हा करणे’ असं लिहिलं, हातमोजे काढले आणि फोन पाहिला. हिंदीत संदेश होता. प्रिय उत्कर्ष मोहिते, पिछले वर्ष के आपके समय ५६:४२ के आधार पर आपको रविवार की दस किलोमीटर दौड़ में ‘ए’ ब्लॉक दिया गया है. खाली शुभेच्छा, आणि एक हसणारा पिवळा चेहरा.

‘ए’ ब्लॉक म्हणजे तासाच्या आत धावणाऱ्यांची सर्वांत पुढची जागा. ही वेळ माझी नाही. मी दहा किलोमीटर कधीच एका तासाच्या आत धावलेलो नाही. माझी सर्वांत चांगली वेळ एक तास, एक मिनिट, वीस सेकंद. त्याआधीच्या दोन शर्यतींतही एक तास एक मिनिटच, फक्त सेकंद वेगळे. एखाद्या भिंतीला तीन वेळा त्याच जागी डोकं लागावं तसं ते होतं. मी तक्ता केला होता. झोप, नाडी, बुटांचे किलोमीटर, सकाळचं तापमान, सगळं लिहायचो. ज्यांना या गावातल्या रस्त्यावरच्या शर्यती माहीत नाहीत त्यांना हे हास्यास्पद वाटेल. कारण तिथे येणारे निम्मे लोक टी-शर्टसाठी येतात, निम्मे फोटोसाठी, आणि सुरू व्हायच्या आधी स्टेजवरची मुलगी सगळ्यांना ढोलाच्या तालावर हात वर करायला लावते. शेवटी सगळ्यांना सारखंच पदक, एक केळं आणि पुठ्ठ्याच्या डब्यात थंड झालेलं काहीतरी. पण छातीवरच्या नंबराच्या कागदामागे, ज्याला सगळे बिब म्हणतात, एक बोटभर पट्टी चिकटवलेली असते. रस्त्यावर अंथरलेल्या रबरी पट्ट्यावरून ती गेली की वेळ नोंदली जाते. तिला टी-शर्ट कळत नाही, फोटो कळत नाही. मला त्या पट्टीचा फार विश्वास वाटायचा.

जगदेवराव भोईटे मला म्हणायचे, “काय शास्त्रज्ञ, आज पल्स कितना?” आमची ओळख रेसकोर्स रोडवरच्या पहाटेच्या धावण्यातली. छप्पन वर्षांचे होते, पांढऱ्या मिशा, डोक्याला बायकोनं विणलेली मरून टोपी. टेलिफोन खात्यातून लवकर निवृत्ती घेतलेली. लष्कर या आमच्या बाजारपेठेच्या भागातले निम्मे जुने लँडलाइन नंबर त्यांना पाठ होते. धावता धावता एखाद्या दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवून तिथला पाच आकडी नंबर सांगायचे, आणि वर म्हणायचे, हा फोन पावसात नेहमी बंद पडायचा. माझं नाव त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं असेल, पण नंतर कधी वापरलं नाही. मी त्यांच्यासाठी शास्त्रज्ञ होतो, कारण मी एम.एस्सी. आणि घड्याळात बघून धावणारा. धावताना त्यांचा डावा पाय जरासा घासायचा, त्यामुळे त्यांची पावलं ठक-खर्र, ठक-खर्र अशी यायची. मिनिटाला एकशे चौसष्ट. मी मोजली होती. मी सगळंच मोजलं होतं, आणि जे मोजायला हवं होतं ते कानावर आलं तेव्हा मी त्याला एक साधं नाव देऊन मोकळा झालो.

मागच्या वर्षी, जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी, माझी टाच दुखत नव्हती. हे मी इथे सरळ लिहितो, कारण तेव्हा मी आईलासुद्धा वेगळं सांगणार होतो. मला चौथ्यांदा एक तास एक मिनिट पाहायचं नव्हतं, एवढंच. रात्री आठ वाजून बारा मिनिटांनी मी भोईटेकाकांना फोन केला. त्यांनी त्या वर्षी नाव नोंदवलं नव्हतं. काकू नको म्हणत होत्या, आणि या खेपेला त्यांनी ऐकलं होतं. मी म्हणालो, काका, माझी टाच गेली, बिब वाया जाईल, तुम्ही धावा. आमच्यात ही पद्धतच आहे. कुणाला ताप येतो, कुणाच्या घरी पाहुणे येतात, मग बिब दुसऱ्याला. ग्रुपवर शनिवारी संध्याकाळी बिब है, किसी को चाहिए, असे चार तरी निरोप असतात. नियमात बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. काका हसले, म्हणाले, अठरा ते पस्तीस वयोगट, माझी जवानी परत आली की. मग जरा थांबून म्हणाले, “छातीत थोडं जळजळून राहिलंय रे संध्याकाळपासून. कचोरी खाल्ली होती दुपारी.” आणि मी म्हणालो, “ॲसिड आहे काका. पाणी प्या. सकाळी सावकाश धावा, काही राहणार नाही.” मी हे ज्या सुरात म्हणालो तो मला आठवतो. प्रयोगशाळेत कुणी नमुन्याची बाटली घेऊन येतो आणि घाबरून विचारतो, पाणी पिवळं का दिसतंय, तेव्हा लोह आहे असं सांगायचा जो सूर असतो, तो.

बिब मी आमच्या फाटकाला दुधाच्या पिशवीत अडकवून ठेवला. पहाटे पाचला ते घेऊन गेले. बिबच्या मागच्या बाजूला नाव, वय, रक्तगट, आजार आणि घरचा फोन नंबर लिहायचा असतो. ते सहसा कुणी भरत नाही. मी भरलं होतं, सुवाच्य अक्षरात, काळ्या शाईनं. उत्कर्ष मोहिते, सव्वीस, ओ पॉझिटिव्ह, कोणताही आजार नाही. आणि आईचा नंबर.

आईला फोन आला तेव्हा मी झोपलो होतो. तिनं मला नंतर कधी नीट सांगितलं नाही, तुकड्या-तुकड्यांनी कळलं. फाटकावरच्या पिशवीत बिब नाही हे पाहून तिला वाटलं, मीच तो घेऊन गेलो. बुटांकडे तिचं लक्ष गेलं नाही, ते धुऊन गच्चीवर वाळत होते. सात वाजून बावन्न मिनिटांनी एक तरुण आवाज म्हणाला, आप उत्कर्ष की मदर बोल रही हैं? आपका बेटा रेस में गिर गया है, हॉस्पिटल ले जा रहे हैं, उसका आधार कार्ड लेकर आइए. ती माझ्या खोलीत आधार कार्ड शोधायला आली. पलंगावर मी होतो. मला जाग आली ती पायाच्या अंगठ्याला थंड हात लागल्यानं. आई पायाशी उभी होती, एका हातात फोन, दुसऱ्या हातात माझा अंगठा, आणि फोनमध्ये सांगत होती, वो तो यहाँ सो रहा है. पलीकडचा आवाज म्हणाला, माताजी, हिम्मत रखिए. त्याला वाटलं धक्क्यानं बोलतेय. मी फोन घेतला आणि म्हणालो, मैं उत्कर्ष बोल रहा हूँ. तो म्हणाला, भाई, मज़ाक का टाइम नहीं है, पेशंट का कोई और रिश्तेदार हो तो दीजिए. मग मला समजलं, आणि समजल्यावर पहिली गोष्ट जी मनात आली ती काकांची नव्हती. पहिली गोष्ट अशी आली, की कुठेतरी कागदावर मी आता पडलेलो आहे, आणि ते खोडायला मला कुणीतरी दुसरं नाव द्यावं लागेल.

नाव द्यायला मला किती वेळ लागला तेही माहीत आहे. त्या मुलाशी वाद, मग फोन कटला, मग हेल्पलाइन लागेना. काकूंचा नंबर माझ्याकडे नव्हता, काकांचाच होता. तो मी आठ वाजून एकतीसला लावला. काकूंनी उचलला. काका धावत असताना त्यांचा फोन आणि गाडीच्या किल्ल्या काकूंकडेच असायच्या. मागे ढोल वाजत होता. त्या म्हणाल्या, अजून यायचेत रे, आज फार हळू चाललेत. मग त्याच पुढे बोलत राहिल्या. इथे एक पोर पडलं रे बिचारं. अँब्युलन्स माझ्यासमोर थांबली होती. माईकवर घरच्यांना बोलवत होते, कुणी आलंच नाही.

त्या अँब्युलन्सचा वेग मी त्यानंतर दोन दिवसांनी काढला. निकालाच्या पानावर माझ्या नावासमोर दोन वेळा होत्या. बिर्ला नगरात, बंद मिलच्या फाटकापाशी सात किलोमीटरच्या टप्प्याचा पट्टा असतो, तिथली वेळ पंचेचाळीस मिनिटं तीस सेकंद. फूलबागेतल्या शेवटच्या पट्ट्याची छप्पन बेचाळीस. म्हणजे तीन किलोमीटरला अकरा मिनिटं बारा सेकंद, किलोमीटरला तीन चव्वेचाळीस. आमच्या शहरात या गतीनं धावणारी चारच मुलं आहेत. पानावर त्याखाली हिरव्या अक्षरांत लिहून आलं होतं, शाबाश, आपका अंतिम चरण सबसे तेज़ रहा. काका पट्ट्यापुढे शंभर पावलांवर पडले होते. माणसं जमली, गाडी आली, त्यांना आत घेतलं, आणि बाकीचे रस्ते शर्यतीसाठी अडवलेले म्हणून गाडी शर्यतीच्याच रस्त्यानं फूलबागेपर्यंत आली, कमानीखालून, पट्ट्यावरून. मी बरेच दिवस विचार करत होतो, की पत्र्याच्या बंद डब्यातून त्या पट्टीची लहर बाहेर आली कशी. ती यायला नको. मग लक्षात आलं, मागच्या दाराला काच असते. गर्दीमुळे गाडी पट्ट्यावर जवळजवळ थांबली असणार. काचेतून ती पट्टी एकदाच म्हणाली असेल, बिब नंबर दोन हजार चारशे सतरा, पोचला.

कमानीपुढे मेडिकल तंबूपाशी गाडी दोन मिनिटं उभी राहिली. डॉक्टर चढायचे होते, आणि घरचं कुणी सोबत हवं होतं. माईकवर तीनदा पुकारलं. काकू दहा फुटांवर उभ्या होत्या. त्यांना बिब कुणाचा ते माहीत नव्हतं, काका फक्त मिळाला म्हणाले होते. थंडीमुळे वरून जाकीट, त्यामुळे नंबरही दिसला नव्हता. आणि उत्कर्ष हे नाव त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. त्यांच्या ओळखीचा एक शास्त्रज्ञ होता. तेव्हा काका शुद्धीवर होते की नव्हते याची मला दोन उत्तरं मिळाली आहेत. श्वास चालू होता एवढं नक्की. काकूंनी गाडीला वाट करून दिली.

काका गेले. हॉस्पिटलच्या बोळात, पिवळ्या टाइल्सच्या भिंतीशी, काकूंचे भाऊ आणि आयोजकांपैकी एक जण मला विचारत होते, तुझा बिब त्यांच्याकडे कसा. काकू बाकावर होत्या, टोपी हातात. मी म्हणालो, काकांनीच फोन करून मागितला. एक वाक्य. ते खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं, तोंडातून पाणी सांडावं तसं ते सांडलं. आयोजकानं मान हलवली, म्हणाला, बुज़ुर्ग लोग मानते कहाँ हैं. त्या वाक्यानं माझं वाक्य पक्कं झालं. पुढे मला एक माफीपत्र लिहावं लागलं, तेवढ्यावर मिटलं. निकालाचं पान कुठल्या तरी बाहेरगावच्या कंपनीचं होतं, ते कुणी पुसलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी मी हरिशंकरपुरमला काकूंकडे जातो. गिझरचं कनेक्शन, सिलिंडर, मुलीशी व्हिडिओवर बोलायचं असेल तर तो जोडून देणं, अशी कामं. त्यांची मुलगी यशश्री इंदूरला असते, ती मला दर वेळी थँक यू म्हणते आणि मी स्क्रीनच्या कडेला सरकतो. काकू पोहे करतात. माझं नाव घेताना त्या किंचित थांबतात. उत्कर्ष, असं म्हणायच्या आधी अर्धा सेकंद. माईकवर ऐकलेला शब्द आता घरातल्या बशीसमोर वापरायचा म्हणजे काय होत असेल, याची मी कल्पना करतो, आणि पोहे खातो. पन्नास रविवार तरी झाले असतील. एकेका रविवारी जाताना रेसकोर्स रोडवरच्या उतारावर मी वाक्य तयार करतो, काकू, फोन मी केला होता. त्यांच्या जिन्यापर्यंत ते टिकतं. आधी घंटा बिघडलेली होती म्हणून मी कडीच वाजवायचो, मग वायर मीच बदलून दिली, आणि आता घंटा वाजते.

संक्रांतीला त्यांनी तिळगूळ दिला आणि विचारलं, यंदा धावणार ना. मी म्हणालो, हो. त्यांना नाही म्हणणं मला जमत नाही. त्या म्हणाल्या, मी येईन शेवटाला, तिथेच उभी राहीन. मला वाटलं होतं त्या पुन्हा त्या जागी कधी जाणार नाहीत. धावणं मी त्या वर्षभरात सोडलं नव्हतं, पण एकटा धावलो नव्हतो. म्हणजे एकटाच धावत होतो, पण मागून ठक-खर्र येत राहायचं. मी त्याची तपासणी केली. बूट बदलले. कानात कापूस घातला. स्वतःच्या पावलांची गती बदलून पाहिली. मिनिटाला एकशे सत्तर केली, एकशे ऐंशी केली, आणि ते एकशे चौसष्टच राहिलं, म्हणजे तो माझ्या पावलांचा प्रतिध्वनी नव्हता. यापुढची तपासणी मला सुचली नाही. जी गोष्ट मोजता येते आणि तरी नसते, तिच्यासाठी माझ्या वहीत रकाना नाही.

रविवारी पावणेसातला फूलबागेत धुकं होतं. ‘ए’ ब्लॉकमध्ये पुढच्या दोरीच्या आत शंभरेक मुलं, हाडकुळी, उघड्या पायांची, एका जागी उड्या मारणारी. त्यात समरजीत होता, शाळेत माझ्या पुढच्या वर्गात असलेला, गेल्या वर्षीचा दुसरा. त्यानं माझ्या बिबवरचं ‘ए’ पाहिलं. “अबे तू इधर? छप्पन-बयालीस कब मारा बे?” मी म्हणालो, गेल्या वर्षी. तो म्हणाला, “छुपा रुस्तम. चल, आज हमें भी खींच लेना.” त्याच्या बोलण्यात टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. शिट्टी वाजली आणि ती सगळी मुलं माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, जसं बादलीतलं पाणी दगडाच्या दोन्ही बाजूंनी जावं. मिनिटभरात माझ्यापुढे धुकं होतं आणि मागे हजार पावलांचा पाऊस, आणि मधल्या मोकळ्या जागेत मी, एका मेलेल्या माणसाच्या गाडीनं मिळवून दिलेल्या जागेत.

इंदरगंजच्या चौकाला वळसा घालून परत येताना दुकानांची शटरं बंद होती. मला काकांचे नंबर आठवायला लागले. कापडाचं दुकान, दोन-सहा-कुठलेसे आकडे. मी ते कधी लिहून ठेवले नाहीत, माझ्या सगळ्या वह्यांत ते कुठे नाहीत. तीन किलोमीटरला अठरा मिनिटं दहा सेकंद. मी तासाच्या वेगाच्या किंचित मागे होतो आणि शरीर हलकं होतं, वर्षानुवर्षं जसं हवं होतं तसं हलकं. हजिऱ्याच्या चौकापासून मागचा आवाज आला. ठक-खर्र. मी वळून पाहिलं नाही. कुणीतरी घरासमोर बादलीनं पाणी मारत होतं, कुणीतरी धुक्यातून ओरडलं, चाचा, ज़ोर लगाओ. मागे खरंच कुणी चाचा असेल. बिर्ला नगराची क्वार्टर्स आली, एकसारखी दारं, एकसारख्या खिडक्या, आणि मग मिलचं फाटक, त्याच्या गजांतून बाहेर आलेलं बाभळीचं झुडूप. पट्टा. पीं, असा आवाज. एक्केचाळीस मिनिटं पन्नास सेकंद. मी गणित केलं, करायला नको होतं तरी केलं. उरलेल्या तीन किलोमीटरला अठरा मिनिटं नऊ सेकंद आहेत, आणि मी तासाच्या आत जाणार आहे. मग मी शंभर पावलं मोजली.

शंभराव्या पावलाशी काही नव्हतं. डांबर, एक चपटी झालेली पाण्याची बाटली, भिंतीवर शिकवणीची जाहिरात. वर्षभर मी ही जागा टाळली होती, इतकी की एका नमुन्यासाठी इथे यायचं होतं तेव्हा दुसऱ्याला पाठवलं. मला वाटलं होतं, इथे थंडी तरी जास्त असेल. मी थांबलो. मुद्दाम थांबलो नाही, पाय थांबले. मागचा आवाजही थांबला. सात किलोमीटर धावल्यावर छातीत जे जळतं ते जळत होतं, आणि मी स्वतःच्या छातीवर, बिबवर हात ठेवून, जसा नमुना हातात घेतात तसा, ते जळणं किती आहे, कुठे आहे, वर सरकतंय का, ते पाहायला लागलो. मी एवढंच विचारायला हवं होतं त्या रात्री. कुठे जळतंय काका? हातात जातंय का? घाम येतोय का? तीन प्रश्न. पाण्याच्या बाटलीला आम्ही अकरा विचारतो. माझ्या बाजूनं लोक जात राहिले, कुणीतरी विचारलं, भैया, ठीक हो? मी हो म्हणालो. पुढचे तीन किलोमीटर मी चाललो, अधूनमधून धावलो, आणि मागून काही आलं नाही. ते येत नाही हे मला जास्त सहन होत नव्हतं.

काकू कमानीपुढे उजव्या बाजूला उभ्या होत्या, मेडिकल तंबूपासून दहा फुटांवर. म्हणजे तिथेच. अंगावर राखाडी शाल, हातात पाण्याची स्टीलची बाटली, डोक्याला ती मरून टोपी. मी पट्ट्यावरून गेलो, एका मुलीनं गळ्यात पदक घातलं. काकूंनी झाकण उघडून बाटली पुढे केली. मी प्यायलो नाही. म्हणालो, “काकू, त्या रात्री फोन मी केला होता. काकांनी मागितला नव्हता. मीच आग्रह केला.”

त्यांनी बाटलीचं झाकण परत लावलं. मग म्हणाल्या, “माहीत आहे.”

त्यांनी सांगितलं ते असं. तेराव्यानंतर त्या काकांचा फोन पाहत बसायच्या. शेवटचे फोन कुणाकुणाचे ते. शनिवारी आठ बाराला ‘शास्त्रज्ञ’, चार मिनिटं, आणि पुढे आलेल्या फोनचा बाण. तीस वर्षं टेलिफोनवाल्याच्या घरात काढलीत, म्हणाल्या, आलेला आणि केलेला एवढं तर कळतं ना मला.

“मग तुम्ही वर्षभर...”

“मी वाट बघत होते. तू दर रविवारी यायचास. वाटायचं, आज बोलेल.” त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. “मला भांडायचं नव्हतं रे. मला ती चार मिनिटं हवी होती. माझ्याशी त्या रात्री ते फार बोलले नाहीत, लवकर झोपले. काय बोलला होतात ते सांग. सगळं सांग, गाळू नको.”

मी सांगितलं. टाच सांगितली, टाच दुखत नव्हती हेही सांगितलं. जवानी परत आली हे त्यांचं वाक्य सांगितलं, तेव्हा त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग मी थांबलो. इथेच मी थांबू शकलो असतो. चार मिनिटांतलं साडेतीन मिनिटांचं सांगून झालं होतं, आणि उरलेलं कुठल्याही फोनच्या बाणात दिसत नाही. स्टेजवर ढोल पुन्हा सुरू झाला. मी म्हणालो, “छातीत जळजळतंय म्हणाले होते. मी म्हटलं ॲसिड आहे. पाणी प्या, आणि धावा.”

काकूंनी टोपी काढली आणि दोन्ही हातांत घट्ट धरली. बराच वेळ त्या टोपीच्या काठाची वीण बोटानं चाचपत राहिल्या, जणू एखादा टाका सुटलाय. मला वाटलं आता त्या जातील. मी पाहत होतो, कुठल्या बाजूनं जातील. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, “तुलापण सांगितलं होतं तर.”

मला कळायला वेळ लागला.

“मी लिंबू-सोडा करून दिला,” त्या म्हणाल्या. “जिरं घातलं. म्हटलं, बाहेरचं खाता म्हणून होतं. यशूला नाही सांगितलं मी. कुणालाच नाही. मला वाटायचं, फक्त मलाच म्हणाले होते.”

माझ्या खिशात फोन थरथरला. माझी वेळ आली असणार, खरी, माझी, ती मी पाहिली नाही. लोक येत होते, पट्टा पीं-पीं करत होता, प्रत्येकाची एकेक वेळ. मला वाटत होतं, बोलल्यावर काहीतरी हलकं होईल. झालं नाही, फक्त ते एकाऐवजी दोघांच्या हातांत आलं होतं, आणि दुसरे हात माझ्यापेक्षा म्हातारे होते.

ढोल मधेच थांबला आणि माईकवर आवाज आला. बिब नंबर ग्यारह सौ छह, रुचिका, इनके साथ कोई आए हों तो मेडिकल टेंट में आ जाएँ. कुणी हललं नाही. सगळ्यांनी माना वळवून तंबूकडे पाहिलं आणि पुन्हा आपापल्या फोनकडे. आवाजानं दुसऱ्यांदा पुकारलं.

काकूंनी टोपी डोक्यावर घातली आणि शाल आवळली.

मी म्हणालो, काकू, पेटका आला असेल कुणाला. तुमच्या ओळखीची आहे का?

“नाही,” त्या म्हणाल्या, आणि चालायला लागल्या. दोन पावलांवर थांबून माझ्याकडे वळल्या. “ती बाटली आण ना बरोबर. नाव कुणाचंही असो, एकदा बघून येऊ.”

माझे पाय आखडले होते, डावा नीट उचलत नव्हता. मी त्यांच्या मागून निघालो, आणि गर्दीतून वाट काढताना माझ्याच बुटाचा आवाज मला ऐकू येत होता. एक पाऊल पडत होतं, एक घासत होतं.